विषयाच्या ओळीखाली

विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाची घडण ठरलेली असते. पहिल्या भागात एखादी घटना सांगितलेली असते आणि तिच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’ असं येतं. दुसरा भाग ‘असल्यास’ने सुरू होतो: चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले. तिसऱ्यात शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि चौथ्यात, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. महसूल खात्यात मी आधी अव्वल कारकून आणि पुढे नायब तहसीलदार म्हणून नोकरी केली. नागपूर जिल्ह्यात ही नोकरी करणाऱ्या माणसाचे डिसेंबर या चार भागांत जातात. आमच्याकडे त्याला तारांकित प्रश्न कुणी म्हणत नाही. ‘एलएक्यू आला’ म्हणतात, आणि तेवढं कानावर पडलं की टेबलावरचे बाकीचे सगळे कागद बाजूला सारले जातात.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं ठरलं. महाराष्ट्र राज्य झाल्यापासून, काही वर्षांचा अपवाद सोडला, तर ते इथे होत आलं आहे. थंडी पडायला लागली की मंत्रालयाच्या फायली नागपुरात येतात, सिव्हिल लाइन्समध्ये हैदराबाद हाऊस आणि रविभवन गजबजून जातं, आणि यशवंत स्टेडियममधून मोर्चे निघायला लागतात. मोर्चेकऱ्यांच्या हातात निवेदन असतं आणि कुणीतरी ते घ्यावं, वाचावं, एवढीच त्या दिवसापुरती त्यांची अपेक्षा असते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा असाच उत्तराची वाट पाहत थांबला होता. त्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं फार होती. सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे. नागपुरात सरकारी नोकरी करणाऱ्याने ते नाव पुलाचं म्हणून वाचून पुढे जाऊ नये असं मला नेहमी वाटत आलं. आपल्याकडे येणारा प्रत्येक कागद कुणीतरी वाट पाहत धरलेला असतो.

बाहेरच्यांना वाटतं, एलएक्यूत अवघड काम माहिती गोळा करण्याचं असेल. माहिती मिळते. तलाठ्याकडे असते, मंडळ अधिकाऱ्याकडे असते, नाहीच तर कपाटातल्या गठ्ठ्यात असते. चुकतं ते वाचण्यात.

समजा प्रश्न असा आला: काटोल व नरखेड तालुक्यांत माहे फेब्रुवारीमध्ये वा त्यादरम्यान झालेल्या गारपिटीमुळे संत्रा बागांचे नुकसान होऊनही बाधित शेतकऱ्यांना मदत मिळालेली नाही, हे खरे आहे काय? एका दमात वाचून होतं. पण त्यात विधानं किती आहेत ते बघा. तालुके दोन आहेत. काळ सांगितलेला आहे. गारपीट झाली असं म्हटलं आहे. पीक संत्रा आहे. नुकसान झालं आहे, आणि मदत मिळालेली नाही. ‘होय’ लिहिलं की हे सगळं कबूल. ‘हे खरे नाही’ लिहिलं की हे सगळं नाकारलं, म्हणजे गारही पडली नाही असं आपण सभागृहाला सांगितलं. खरी परिस्थिती बहुतेक वेळा अशी असते की नरखेडला नुकसान जास्त, काटोलला थोड्या गावांत, मदत काहींना मिळाली, काहींची खाती जुळली नाहीत म्हणून परत आली. त्यासाठी ‘हे अंशतः खरे आहे’ अशी सोय आहे. पण ती वापरली की कुठला अंश खरा आणि कुठला नाही, हे लिहावं लागतं, आणि ते लिहायचं तर प्रश्न तुकड्यातुकड्याने वाचावा लागतो.

‘वा त्यादरम्यान’ हे शब्द तर हमखास नजरेतून सुटतात. प्रत्येक प्रश्नात असतात, म्हणून कुणी वाचत नाही. माझ्याकडे एकदा मसुदा आला: फेब्रुवारी महिन्यात सदर गावांत गारपीट झाल्याची नोंद नाही, सबब हे खरे नाही. मी मंडळाची नोंद काढून बघितली. गारा पडल्या होत्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मसुद्यातलं वाक्य अक्षरशः बरोबर होतं आणि तरी उत्तर खोटं होतं. मंत्री सभागृहात उभे राहतात तेव्हा त्यांच्या हातात आम्ही केलेली पूरक टिपणी असते. उपप्रश्न त्या भागातला, गारा स्वतः पाहिलेला आमदार विचारतो. चुकीचं उत्तर हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं, हे भय सगळ्यांना असतं. मला त्याहून मोठी गोष्ट वाटायची ती ही की ज्याच्या झाडाखाली मृग बहाराची फळं पडली होती आणि आंबिया बहाराचा फुलोरा झडला होता, त्याच्याबद्दल राज्याच्या कागदावर ‘हे खरे नाही’ असं कायमचं छापलं गेलं असतं.

प्रश्न वाचला जात नाही याचं एक कारण अगदी साधं आहे: तो उत्तर देणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. मंत्रालयाकडून विभागीय आयुक्त, तिथून जिल्हाधिकारी, मग उपविभाग, तहसील, मंडळ, तलाठी. प्रत्येक पायरीवर कुणीतरी वेळ वाचवायला प्रश्नाचा सारांश करतो. खालच्या माणसाला फोन जातो तो असा: ‘गारपिटीचं काय ते दुपारपर्यंत पाठवा.’ तो बिचारा गारपिटीचं काय ते पाठवतो. क्षेत्र, खातेदार, रक्कम, तक्ता करून. तो तक्ता पुन्हा सगळ्या पायऱ्या चढून वर जातो आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तम उत्तर बनतो. ‘निरंक’ हा आमच्या कचेऱ्यांचा आवडता शेरा आहे. माहिती नसेल तर निरंक लिहायचं, त्यात गैर काही नाही. पण तो लिहिणाऱ्याने नेमकं काय निरंक आहे हे वाचलेलं असेल, याची खात्री मला कधी वाटली नाही. म्हणून निरंक आलं की मी उलट फोन करून विचारायची, भाऊ, तुमच्यापुढे प्रश्न आहे का? वाचून दाखवा बरं.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात शासनाविरुद्ध याचिका दाखल झाली की सरकारी वकिलांच्या कार्यालयाला परिच्छेदनिहाय अभिप्राय पाठवावे लागतात. याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर. दिवाणी दाव्यांसाठी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ८ आहे. त्यातले तीन ते पाच नियम कायद्याचं शिक्षण न घेतलेल्या माणसानेही वाचावेत असे आहेत. सरसकट नाकारून चालत नाही, जे विधान मान्य नाही ते नेमकेपणाने नाकारावं लागतं. जे नाकारलं नाही ते मान्य धरलं जातं. आणि मला सर्वांत आवडलेला भाग: अमुक रक्कम तुम्हाला मिळाली असा आरोप असेल, तर ‘तेवढी रक्कम मिळाली नाही’ एवढं म्हणून सुटता येत नाही. ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग मिळाला नाही असं म्हणा, नाहीतर किती मिळाला ते सांगा. समोरच्याच्या वाक्याला वळसा घालून निघून जाण्याची वाट शंभर वर्षांपूर्वी कायद्याने बंद केली. कचेरीतल्या साध्या पत्राला हा नियम लागू नाही, पण मी तो स्वतःला लावून घेतला होता.

कारण वळसा घालणं फार सोपं असतं, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. माणूस दिवसभर अर्ज बघतो. अर्जाच्या वर ‘विषय’ म्हणून एक ओळ असते. ती वाचली की डोक्यात उत्तर तयार होतं, कारण तसे अर्ज कालही आले होते. मग खालचा मजकूर वाचताना आपण त्या तयार उत्तराला आधार शोधत असतो. जे जुळतं ते दिसतं, जे जुळत नाही ते दिसत नाही. वाचणं म्हणजे ते तयार उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत बाजूला ठेवणं. ऐकायला किरकोळ वाटतं. सोमवारी सकाळी टपालाचा गठ्ठा पुढ्यात असताना करून बघावं.

एका संत्रा बागायतदाराचा अर्ज मी विसरू शकत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात मोठी गारपीट झाली, त्यानंतरचा. तेव्हा मदतीचे दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५०० आणि फळबागेला १८,००० असे होते, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि नुकसान ३३ टक्क्यांहून कमी असेल तर मदत नाही. म्हणजे कागदावर कुठलं पीक लिहिलं जातं यावर घरात किती पैसे येणार ते ठरत होतं.

अर्ज तहसीलबाहेरच्या अर्जनवीसाकडून टाइप करून आणलेला होता. विषय: गारपीट अनुदान मिळणेबाबत. खाली नेहमीचा मजकूर, की मी अल्पभूधारक शेतकरी असून माझे अतोनात नुकसान झाले आहे, तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा. या अर्जाला आमच्याकडून उत्तर गेलं होतं की अनुदानाची रक्कम अमुक तारखेला आपल्या खात्यात जमा झालेली आहे. उत्तरात एक अक्षर खोटं नव्हतं. रक्कम जमा झालेली होती. तरी काकाजी पुन्हा आले, तोच अर्ज पुन्हा घेऊन. पुन्हा तेच उत्तर गेलं.

मी अर्ज हातात घेतला तेव्हा टाइप केलेल्या मजकुराखाली, सहीच्या वर, निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. अक्षर मोठं, थरथरतं, ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली. अर्जनवीसाने आपला ठरलेला नमुना टाइप केला होता आणि काकाजींना जे म्हणायचं होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं होतं. त्या दोन ओळींत अनुदानाचा शब्द नव्हता. मी त्यांना बसायला सांगितलं आणि विचारलं.

“मॅडम, पैसे आले जी. पैशाचं मी इचारलंच नाई. माह्या वावरात संत्रा हाय, कागदात कापूस कोन लिवला, थो कागद मले पायजे.”

ते इतके दिवस एवढंच विचारत होते. कार्यालयाने दोनदा उत्तर दिलं होतं, दोन्ही वेळा विषयाच्या ओळीला.

मग त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू आहे, तीस दिवसांत माहिती द्यायची, उशीर केला तर दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड जनमाहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. काकाजींना दीडशे शब्दांची गरजच नव्हती. त्यांनी लिहिलं: माझ्या शेतात संत्रा असताना यादीत कापूस का लिहिला. जनमाहिती अधिकारी मी होते. टेबलावर मसुदा तयार होऊन आला: आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक कार्यालयांत तयार असतं. त्याला आधारही आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं की अमुक गोष्ट का केली, का केली नाही, याचं स्पष्टीकरण देणं ‘माहिती’त येत नाही. जे कागदावर आहे ते द्यायचं, नवीन समर्थन लिहून द्यायचं नाही. निर्णय योग्यच आहे असं मी मानते. जनमाहिती अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या मनातली कारणं कुठून आणावी? पण त्याचा अर्थ असा नाही की अर्जात ‘का’ दिसला की वाचणं थांबवायचं. गावचा माणूस कागदाचं नाव घेऊन मागत नाही. त्याला गाव नमुना बारा आणि संयुक्त पंचनामा यातला फरक माहीत नसतो, असण्याचं कारणही नाही. तो ‘का’ म्हणून विचारतो, आणि त्या ‘का’च्या खाली बहुतेक वेळा एक कागद असतो. तो कोणता, हे ओळखणं वाचणाऱ्याचं काम आहे.

मसुदा मी परत केला आणि तीन कागद काढायला सांगितले. सातबाऱ्यातली त्या वर्षीची पीक नोंद, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांच्या सहीचा पंचनामा, आणि मदतीची यादी. सातबाऱ्यावर कापूस होता, मागच्या वर्षीची नोंद तशीच पुढे ओढलेली. पंचनाम्यात मात्र संत्रा लिहिलेला होता, झाडांच्या संख्येसकट. तिघंही जण बागेत जाऊन आले होते आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं. यादी टाइप करणाऱ्याने पंचनामा न बघता सातबाऱ्यावरून पीक उतरवून घेतलं होतं. म्हणजे न वाचण्याची सुरुवात अर्जाच्या कितीतरी आधी झाली होती. तिन्ही कागदांच्या प्रती काकाजींना दिल्या. पंचनाम्याची प्रत त्यांनी खिडकीजवळ नेऊन पूर्ण वाचली, बोट ठेवून, सह्यांसकट. मग म्हणाले, “बरोबर लिवलं हाय जी यायनं.” तलाठ्यावर त्यांचा राग होता, तो तिथल्या तिथे गेला. फरकाची पुरवणी यादी पुढे पाठवायला मग अडचण आली नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपलं पीक स्वतः नोंदवता येतं, त्यामुळे नोंद पुढे ओढण्याचा प्रकार कमी व्हायला हवा. पण नोंद कितीही ताजी असली तरी ती कुणीतरी वाचावीच लागते.

कार्यालयांना दोष देताना एक गोष्ट न सांगणं अन्यायाचं होईल. आमचं काम मोजलं जातं ते निर्गतीवर. किती आले, किती निकाली, किती प्रलंबित. पुणे विभागात चंद्रकांत दळवी आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम निघाली, पुढे ती इतरत्रही गेली, आणि त्यातून वर्षानुवर्षं पडलेली प्रकरणं हलली हे मी मान्य करते. गठ्ठे लागले, कपाटं स्वच्छ झाली. पण तक्त्यात काकाजींचा अर्ज दोनदा ‘निकाली’ दिसत होता. मासिक आढाव्यात त्याबद्दल कुणी विचारलं नाही, विचारणार तरी कसं? तोच माणूस तोच अर्ज घेऊन पुन्हा आला तर पहिली निर्गती तक्त्यातून कमी करावी, असं मी एका बैठकीत सुचवलं होतं. मोजायला कठीण आहे असं सांगण्यात आलं. कठीण आहे खरं. मला अजूनही वाटतं की ते करून बघायला हवं, कारण कार्यालय वाचतं की नाही हे सांगणारा दुसरा आकडा मला सुचलेला नाही.

माझ्या शाखेत मी दोनच गोष्टी सक्तीच्या केल्या होत्या. अर्ज शेवटच्या ओळीकडून वाचायला सुरुवात करायची, कारण नमुन्याचा मजकूर वर असतो आणि माणूस खाली असतो. आणि ज्याला जे विचारायचं आहे त्याला मूळ प्रश्नाची पूर्ण प्रत पाठवायची, सारांश नाही. दुसऱ्या गोष्टीवर कुरबुर व्हायची. तलाठ्याला कशाला पूर्ण प्रश्न, त्याला आकडे विचारा, असं वरिष्ठही म्हणायचे. तेव्हा झेरॉक्स काढून शिपायाबरोबर पाठवावी लागे, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. पुढे मोबाइल आले. प्रश्नाचा फोटो पाठवायला ना कागद लागतो ना माणूस, तरी फोटोच्या ऐवजी ‘अर्जंट, गारपीट माहिती पाठवा’ एवढाच मेसेज फिरताना मी पाहिला आहे.

एका अधिवेशनात मी असाच पूर्ण प्रश्नाचा फोटो एका तरुण तलाठ्याला पाठवला. माहितीच्या आधी त्याचा फोन आला. “मॅडम, प्रश्नात दोन गावं आहेत. पहिलं माझ्या साझ्यात आहे, त्याची माहिती तासाभरात देतो. दुसऱ्या गावाच्या नावाची दोन गावं आहेत आपल्या तालुक्यात, एक खुर्द आणि एक बुद्रुक. प्रश्नात नुसतं नाव आहे. गारा बुद्रुकला पडल्या, खुर्दला नाही. तुम्ही वर विचारून घ्या कोणतं ते, नाहीतर उत्तरात दोन्हीचं वेगवेगळं लिहा.” आम्ही दोन्हीचं वेगवेगळं लिहिलं.